वीस सेकंदांचा तारकागुच्छ आणि पाच मिनिटांचा शनी : विद्यापीठाच्या वेधशाळेतील खुल्या रात्री

साठ सेंटीमीटर व्यासाच्या आरशाच्या दुर्बिणीला डोळा लावण्यासाठी मी पहिल्या भेटीत पाऊण तास रांगेत उभा होतो आणि नेत्रिकेपाशी मला मिळाले ते वीस सेकंद. स्वतःची वेळ मोजण्याचे भान तेव्हा नव्हते. पण खाली उतरल्यावर घुमटाच्या भिंतीला टेकून मागच्या दहा जणांची वेळ मोजली आणि सरासरी तेवढीच आली. त्याच आवारात, त्या घुमटापासून चाळीसेक पावलांवर, पंधरा सेंटीमीटर व्यासाच्या भिंगाची एक जुनी दुर्बीण सरकत्या छपराच्या छोट्या खोलीत उभी आहे. तिथे आम्ही आठ जणांनी चाळीस मिनिटे एकटा शनी पाहिला. प्रत्येकाची पाळी तीनदा आली, म्हणजे माणशी पाचेक मिनिटे मिळाली. वेधशाळेच्या माहितीपत्रकात मोठ्या घुमटाचे छायाचित्र पानभर आहे आणि लहान दुर्बिणीची बोळवण एका ओळीत केली आहे. माझ्या मते हे प्रमाण नेमके उलटे असायला हवे, आणि ते का, हे सांगण्यासाठी हे परीक्षण लिहीत आहे.

विद्यापीठाचे नाव मुद्दाम लिहीत नाही. माझ्या तक्रारी कार्यक्रमाच्या आखणीबद्दल आहेत. नाव घातले तर त्या रात्री जागून, गारठ्यात उभे राहून आलेल्या-गेलेल्यांच्या प्रश्नांना उत्तरे देणाऱ्या विद्यार्थ्यांच्या माथी त्या बसतील आणि ते अन्यायाचे होईल. वर्षभरात मी तिथे तीन वेळा गेलो. पहिली रात्र अमावास्येच्या आसपासची आणि निरभ्र होती, दुसरी पूर्ण ढगाळ होती आणि तिसऱ्या रात्री आकाशात अर्धा चंद्र होता. नोंदणी आधी करावी लागते, ती सोपी आहे, आणि नोंदणी करताना ‘मुख्य घुमट’ किंवा ‘लहान गट’ यांपैकी एक पर्याय निवडायचा असतो. बहुतेक लोक मुख्य घुमटावर खूण करतात. पहिल्या वेळी मीही केली होती. लहान गटात एक जागा रिकामी राहिली म्हणून रांगेतून मोकळा झाल्यावर तिथे जाता आले, हा निव्वळ योगायोग.

मुख्य घुमटाच्या कार्यक्रमाची सुरुवात सभागृहातील अर्ध्या तासाच्या व्याख्यानाने होते. व्याख्यान नीट बेतलेले होते, चित्रे सुंदर होती, बोलणाऱ्या प्राध्यापकांना विषयाची आवड होती हे पदोपदी जाणवत होते. दोष आहे तो व्याख्यानाच्या जागेत. पांढऱ्याशुभ्र पडद्याकडे अर्धा तास पाहिलेले डोळे घेऊन आम्ही झगझगीत दिव्यांच्या व्हरांड्यातून सरळ घुमटात गेलो. अंधारात डोळ्याची बाहुली काही सेकंदांत मोठी होते हे खरे, पण मंद प्रकाश टिपणाऱ्या दंडपेशींना पुरत्या जाग्या होण्यासाठी वीस ते तीस मिनिटे लागतात, आणि क्षणभर डोळ्यांवर पडलेला पांढरा उजेड ही सगळी कमाई बुडवून टाकतो. लाल उजेडाची दंडपेशींना फारशी बाधा होत नाही म्हणून वेधशाळांमध्ये लाल दिवे लावतात. तसे ते इथेही होते. मात्र रांगेतील निम्मे लोक वेळ घालवण्यासाठी मोबाइल चाळत होते आणि त्यांना कोणी अडवत नव्हते. व्याख्यान शेवटी ठेवले आणि रांग लागण्यापूर्वी लोकांना अर्धा तास अंगणात उभे करून नुसत्या डोळ्यांनी तारकासमूह दाखवले, तर एक पैसाही खर्च न करता त्याच दुर्बिणीतून दिसणाऱ्या दृश्यात जमीन-अस्मानाचा फरक पडेल.

घुमट मात्र पाहण्याजोगा आहे. आत शिरल्यावर प्रथम जाणवतो तो गारवा. संध्याकाळीच झडपा उघडून आतली हवा आणि आरसा बाहेरच्या तापमानाला आणून ठेवावा लागतो, नाहीतर आरशावरून उठणाऱ्या उबदार झुळका प्रतिमा ढवळून काढतात. म्हणून थंडीच्या दिवसांतही इथे ऊब नसते आणि नसावीच. घुमट चाकांवर घरघरत फिरू लागला की आपल्या पायाखालची जमीनच वळते आहे असा भास होतो आणि नवखी माणसे हटकून कठडा धरतात. दुर्बिणीचा खांब इमारतीच्या जमिनीला कुठेही न टेकता थेट स्वतंत्र पायावर उभा आहे. हे पटवून देण्यासाठी तिथल्या विद्यार्थ्याने दोन मुलांना जमिनीवर उड्या मारायला लावल्या आणि तिसऱ्याला नेत्रिकेतून पाहायला सांगितले. तारा जागचा हलला नाही. गंमत अशी की त्यानंतर आलेल्या जवळजवळ प्रत्येकाने शिडी चढून तोल सांभाळण्यासाठी नेत्रिकेलाच हात घातला आणि तोच तारा वेलांट्या काढू लागला. शिडीला एक उंच दांडा जोडून दिला तर हा त्रास वाचेल.

त्या रात्री घुमटात दोन गोष्टी दाखवल्या. पहिली होती शौरी तारकासमूहातील एम १३ हा बंदिस्त तारकागुच्छ. सुमारे २२ हजार प्रकाशवर्षे दूर असलेला, काही लाख ताऱ्यांचा हा गोळा १७१४ साली एडमंड हॅली याच्या नजरेस पडला होता. साठ सेंटीमीटरच्या दुर्बिणीसाठी याहून चांगली निवड सापडणार नाही, कारण लहान दुर्बिणीत जो कापसाचा पुंजका दिसतो तो इथे थेट मध्यापर्यंत सुटा होतो. परंतु तो सुटा होताना पाहायला वेळ लागतो. पहिले पाच-सहा सेकंद नेत्रिकेवर डोळा कुठे ठेवायचा हे शोधण्यात जातात. मग एक करडा डाग दिसतो. मग त्याच्या कडेला राखेत ठिणग्या असाव्यात तसे ठिपके उमटू लागतात, आणि नेमके तेव्हाच मागून ‘पुढच्यांना येऊ द्या’ असे आदबीने सांगितले जाते. दुसरी गोष्ट होती देवयानी दीर्घिका, आणि ही निवड मला सरळ चुकीची वाटली. २५ लाख प्रकाशवर्षे दूर असूनही ही दीर्घिका आकाशात सुमारे तीन अंश लांब, म्हणजे पूर्ण चंद्राच्या सहापट लांबीची आहे. दीडशेपट वर्धन देणाऱ्या नेत्रिकेत अर्ध्या अंशाहूनही कमी आकाश मावते, त्यामुळे दिसतो तो फक्त तिचा गाभा, कडा नसलेला फिकट उजेड. माझ्या पुढचे गृहस्थ खाली उतरून ‘ढगच दिसला’ म्हणाले. साध्या हातातल्या द्विनेत्रीने अंधाऱ्या जागेवरून ती अधिक चांगली दिसते, आणि वेधशाळेकडे द्विनेत्री होत्या. त्या कपाटात होत्या.

आता लहान खोलीविषयी. पितळी नळीची ही दुर्बीण बिडाच्या खांबावर, पृथ्वीच्या अक्षाला समांतर बसवलेल्या बैठकीवर उभी आहे. तिचे नाभीय अंतर सव्वादोन मीटर आहे आणि त्या रात्री २५ मिलिमीटरची नेत्रिका लावली होती. दोहोंचा भागाकार म्हणजे वर्धन, तेव्हा नव्वदपट. छप्पर हाताने ढकलून बाजूला सरकवतात आणि त्याच्या रुळांवरचा करकर आवाज संपला की वर एकदम सगळे आकाश उघडे पडते. चिंचोळ्या फटीतून डोकावणाऱ्या घुमटात हे सुख नाही. या गटाची मार्गदर्शक पीएच.डी. करणारी एक विद्यार्थिनी होती. तिने सुरुवातीलाच एक अट घातली: “आधी तुम्हाला काय दिसतंय ते सांगा. ते काय आहे, हे मी नंतर सांगते.” नेत्रिकेत डोळा खुपसू नका, बोटभर अंतर ठेवा, उजेडाचे वर्तुळ दिसेपर्यंत डोके हळूहळू पुढे न्या, पापण्यांची सावली आली तर किंचित मागे या, चष्मा फक्त जवळचा-लांबचा असेल तर काढा आणि तिरप्या नंबरचा असेल तर राहू द्या, या सूचना तिने प्रत्येकाला वेगळ्या दिल्या. वरवर किरकोळ वाटणाऱ्या या पाच वाक्यांनी मोठ्या घुमटातले पाच-सहा सेकंद वाचले असते.

शनी पाहून पहिल्या बाईंनी ‘सुईवर ओवलेला मणी’ असे वर्णन केले आणि ते अगदी चपखल होते. छायाचित्रांतली रुंद, ऐटदार कडी डोळ्यांपुढे घेऊन आलेल्या एका तरुणाचा मात्र विरस झाला. दुर्बीण नीट लावली नसावी अशी शंका त्याने बोलून दाखवली. मार्गदर्शक विद्यार्थिनीने त्यावर जे सांगितले, ते त्या रात्रीचे माझ्या मते सर्वांत चांगले व्याख्यान होते, आणि त्यात एकही चित्र नव्हते. शनीला सूर्याभोवती फिरायला साडेएकोणतीस वर्षे लागतात, त्या काळात दोनदा त्याची कडी पृथ्वीवरून बरोबर कडेने दिसतात, आणि हजारो किलोमीटर रुंद असूनही ती जाडीने इतकी कमी, साधारण काही दहा मीटरच, आहेत की लहान दुर्बिणीत ती जवळजवळ नाहीशी होतात. असा योग मार्च २०२५ मध्ये येऊन गेला आणि त्यानंतर कडी हळूहळू उघडत चालली आहेत. गॅलिलिओने १६१० मध्ये शनी पाहिला तेव्हा त्याला तो तीन गोळ्यांचा वाटला. १६१२ मध्ये दोन्ही बाजूंचे गोळे गायब झालेले पाहून तो चक्रावला, कारण तेव्हाही कडी कडेनेच दिसत होती. ग्रहाला कुठेही न टेकलेली ती एक पातळ, सपाट कडी आहे, हा खुलासा ख्रिस्तिआन हॉयगेन्स याने १६५९ मध्ये छापून प्रसिद्ध केला. “तुम्हाला नीट दिसलेलं नाही असं नाही,” ती त्या तरुणाला म्हणाली, “तुम्हाला या वर्षीचा शनी दिसला.” त्याने निमूटपणे पुन्हा रांग धरली.

दुसऱ्या पाळीत मला ग्रहाच्या उजवीकडे एक बारीक ठिपका दिसला. तो शनीचा टायटन हा उपग्रह. त्याचा शोधही हॉयगेन्सने १६५५ मध्ये असाच डोळ्यांनी पाहून लावला होता. तिसऱ्या पाळीत ग्रहाच्या थाळीवरचा किंचित गडद पट्टा दिसला, आणि तो कसा दिसला हे सविस्तर सांगायला हवे. प्रतिमा सारखी थरथरत होती, उथळ पाण्याखालच्या नाण्यासारखी. वातावरणातील गरम-थंड हवेचे थर हलत असतात त्याचा हा परिणाम, आणि दुर्बीण कितीही मोठी असली तरी तो टळत नाही. पण मधूनच, तीस-चाळीस सेकंदांतून एकदा, हवा क्षणभर स्थिरावते आणि तेवढ्यापुरती प्रतिमा कोरून काढल्यासारखी स्वच्छ होते. तो पट्टा मला अशा दोन क्षणांतच दिसला. वीस सेकंदांच्या पाळीत असा एखादा क्षण येईलच याची काहीही शाश्वती नाही. एखाद्या वेधशाळेत जाण्यापूर्वी लोक आरशाचा व्यास विचारतात. मी यापुढे गटात माणसे किती हे विचारणार आहे.

त्यानंतर तिने दुर्बीण फिरवणारी मोटर बंद केली. पृथ्वीच्या फिरण्याची भरपाई करण्यासाठी ही मोटर दुर्बिणीला २३ तास ५६ मिनिटांत एक फेरा या गतीने उलट दिशेने वळवत असते. मोटर थांबताच मधोमध असलेला शनी डावीकडे घसरू लागला आणि साधारण एका मिनिटात दृश्याबाहेर गेला. पृथ्वी फिरते हे शाळेपासून पाठ असूनही तिचे फिरणे मी पहिल्यांदाच पाहिले. नंतर हंस तारकासमूहाच्या चोचीपाशी असलेला अल्बिरिओ हा जोडतारा दाखवला. एक पिवळा, एक निळसर. प्रतिमा किंचित अंधुक केली की रंग अधिक खुलतात ही युक्ती मला नवीन होती. हे दोन तारे खरोखर एकमेकांभोवती फिरतात की केवळ एका दिशेत दिसतात, याबद्दल अजून एकमत नाही हेही तिने आडपडदा न ठेवता सांगितले. शेवटी स्वरमंडलातील कंकणाकृती तेजोमेघ, एम ५७. सरळ पाहिला की विरतो आणि नजर जरा बाजूला वळवली की धुराच्या वर्तुळासारखा उगवतो, कारण दृष्टिपटलाच्या नेमक्या मध्यभागी दंडपेशी नसतातच. आठपैकी सहा जणांना तो दिसला. उरलेल्या दोघांना ‘दिसला असेल’ असे म्हणण्याची गळ कोणी घातली नाही.

जुन्या भिंगाच्या दुर्बिणीला शोभेची वस्तू समजण्याची चूक अनेकजण करतात; माझ्यासमोरच एकाने ‘ही अजून चालते का?’ असे विचारले. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लिक वेधशाळेत १८८८ पासून ९१ सेंटीमीटर भिंगाची दुर्बीण आहे. एडवर्ड बार्नार्ड याने १८९२ मध्ये तिच्यातून गुरूचा पाचवा उपग्रह अमाल्थिआ नुसत्या डोळ्याने शोधला. शिकागो विद्यापीठाने उभारलेल्या यर्कीस वेधशाळेत १८९७ मध्ये १०२ सेंटीमीटरची दुर्बीण आली आणि संशोधनासाठी वापरात आलेली भिंगाची सर्वांत मोठी दुर्बीण आजही तीच आहे. त्यापुढे भिंगे वाढली नाहीत याचे कारण साधे आहे: प्रकाश आरपार जायचा असल्याने भिंगाला आधार फक्त कडेनेच देता येतो आणि मोठे भिंग स्वतःच्याच वजनाने वाकते, तर आरशाला मागून हवा तेवढा टेकू देता येतो. पाहुण्यांच्या दृष्टीने मात्र भिंगाच्या दुर्बिणीचे दोष क्षुल्लक आहेत. तेजस्वी ताऱ्याभोवती किंचित जांभळी झाक येते, एवढेच. आणि ग्रह पाहण्यासाठी लागणारा काळा, नितळ पार्श्वपट ती उत्तम देते.

मोठी दुर्बीण इतर रात्री काय करते हे कार्यक्रमात जवळजवळ कुठेच येत नाही, ही माझी दुसरी मोठी तक्रार. व्हरांड्याच्या भिंतीवर विद्यार्थ्यांनी काढलेले काही आलेख लावले आहेत. त्यांपैकी एका आलेखात एका ताऱ्याची तेजस्विता दोन-अडीच तास एक टक्क्याहून थोडी अधिक खाली जाऊन पुन्हा पूर्ववत झालेली दिसते. त्या ताऱ्याभोवती फिरणारा ग्रह त्याच्यासमोरून सरकल्याची ती नोंद आहे. १९९९ मध्ये एचडी २०९४५८ या ताऱ्याच्या बाबतीत असे अधिक्रमण पहिल्यांदा टिपले गेले, आणि त्यातले एक निरीक्षण अवघ्या १० सेंटीमीटरच्या दुर्बिणीने केलेले होते. आपण ज्या घुमटात उभे आहोत त्याच घुमटात, आपण घरी गेल्यावर, असे काम चालते हे पाहुण्यांना कळले तर रांगेतला पाऊण तास इतका रिकामा जाणार नाही. शेकडो लोक त्या आलेखांसमोरून गेले आणि कोणी थांबले नाही, कारण थांबून पाहण्यासारखे काही तिथे आहे असे कोणी सांगितलेच नाही.

ढगाळ रात्रीची भेट मी रद्दच करणार होतो, पण कार्यक्रम होणार की नाही हे कळवणारा संदेश मी फाटकापाशी पोहोचल्यावर आला. हा प्रकार चिडवणारा आहे. लांबून येणाऱ्यांसाठी निर्णय दुपारीच कळवायला हवा. ‘आकाशदर्शन नाही, आतील कार्यक्रम होईल’ एवढाच मजकूर होता, आणि तीसपैकी जेमतेम नऊजण थांबलो. न थांबलेल्यांनी बरेच गमावले. हायड्रोजन, हेलियम आणि निऑन भरलेल्या नळ्या पेटवून प्रकाशातले रंग सुटे करणाऱ्या, हातात धरायच्या जाळीतून पाहायला दिल्या. प्रत्येक वायूच्या रंगीत रेघा वेगळ्या, आणि त्यांवरूनच ताऱ्यात काय आहे हे कळते. हेलियमची पिवळी रेघ १८६८ मध्ये आधी सूर्याच्या प्रकाशात सापडली आणि तो वायू पृथ्वीवर हाती लागला १८९५ मध्ये, हे ती रेघ डोळ्यांसमोर असताना ऐकणे आणि पुस्तकात वाचणे यांत फरक आहे. मग कपाटातून काचेची जुनी छायाचित्रपट्टी काढली. त्यावर आकाश उलटे असते: काच स्वच्छ, तारे काळे. बहिर्गोल भिंग लावून, एकाच जागेच्या दोन वेगवेगळ्या रात्रींच्या पट्ट्यांत कोणत्या ठिपक्याचा आकार बदलला ते शोधायला सांगितले. मला तो अकरा मिनिटांनी सापडला आणि डोळे दुखू लागले. हार्वर्डच्या वेधशाळेत हेन्रिएटा लेव्हिट यांनी हेच काम वर्षानुवर्षे केले आणि १९१२ मध्ये सेफीड ताऱ्यांचा, म्हणजे ठरावीक काळाने तेज कमी-जास्त होणाऱ्या ताऱ्यांचा, आवर्तनकाळ व त्यांची तेजस्विता यांचा संबंध मांडला. त्याच संबंधाच्या आधारे एडविन हबल याने, १९२३ मध्ये देवयानीच्या पट्टीवर सापडलेल्या अशा एका ताऱ्यावरून, ती आपल्या आकाशगंगेच्या बाहेर असल्याचे दाखवले. पहिल्या भेटीत ‘ढगच दिसला’ म्हणालेल्या त्या गृहस्थांची मला तेव्हा आठवण झाली. देवयानी दाखवायचीच असेल, तर ती पट्टी आधी दाखवावी.

तिसरी भेट अर्ध्या चंद्राच्या रात्री झाली आणि त्या रात्री मोठ्या घुमटाबद्दलचे माझे मत थोडे सौम्य झाले. चंद्र इतका प्रखर असतो की डोळे अंधाराला सरावण्याचा प्रश्न उरत नाही, आणि तपशील इतका दाट असतो की वीस सेकंदांतही पदरी काहीतरी पडते. उजेड-अंधाराच्या सीमेवर, काळोखात बुडालेल्या भागात, फक्त शिखरांवर ऊन आलेले डोंगर सुट्या ठिणग्यांसारखे दिसत होते. ‘सरळ भिंत’ म्हणून ओळखला जाणारा, सुमारे ११० किलोमीटर लांबीचा कडा काळ्या शाईने ओढलेल्या रेघेसारखा होता. तिथे तेव्हा सकाळ असल्याने कड्याची सावली पुढे पडलेली असते, आणि पौर्णिमा उलटून गेल्यावर तोच कडा उन्हात चमकणारी पांढरी रेघ होतो. पूर्ण चंद्राच्या रात्री मात्र जाऊ नये. सावल्याच नसल्याने सगळे सपाट दिसते आणि बाकीचे आकाशही धुऊन निघते. लहान दुर्बिणीतून मृगाच्या तेजोमेघाच्या पोटातील चार ताऱ्यांचा चौकोन पाहिला. चांदण्यामुळे तेजोमेघ फिका होता, चौकोन सुस्पष्ट होता. थंडी इतकी होती की नेत्रिकेवर श्वास पडताच ती धुरकटत होती आणि दर दोन-तीन माणसांनंतर ती सुकेपर्यंत थांबावे लागत होते. गरम कपडे, बंद बूट आणि टोपी ही तयारी करून जावे. दोन तास जवळजवळ उघड्यावरच उभे राहायचे असते.

ज्यांना शिडी चढता येत नाही त्यांची सोय अपुरी आहे. चाकांच्या खुर्चीवरील एका पाहुण्यांसाठी घुमटाच्या पायथ्याशी पडद्यावर कॅमेऱ्याची प्रतिमा दाखवण्याची व्यवस्था होती. हेतू चांगला, पण पडद्यावरचा चंद्र घरीही दिसतो. लहान खोलीत पायरी नाही, आणि आकाशात फार उंच नसलेल्या गोष्टींसाठी नेत्रिका बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या पातळीवर आणता येते. त्या पाहुण्यांना तिकडे न्यायला हवे होते, हे मी तिथल्या कर्मचाऱ्यांना सांगितले आणि त्यांनी ते लिहून घेतले. सात-आठ वर्षांखालील मुलांना घेऊन जाणाऱ्यांनीही लहान गटच निवडावा. घुमटातील रांगेत ती कंटाळतात आणि वर पोहोचेपर्यंत पेंगुळतात.

लहान खोलीत एक जाडजूड वही ठेवलेली असते. दुर्बिणीतून जे दिसले त्याचे चित्र पाहुण्यांनी तिच्यात काढायचे, खाली तारीख आणि वेळ घालायची, नाव घालायची गरज नाही. लाल दिव्यात, पेन्सिलीने, थरथरत्या हातांनी काढलेली शेकडो वर्तुळे तिच्यात आहेत, आणि शनीची कडी वर्षागणिक कशी मिटत गेली ते पाने उलटताना दिसते. पहिल्या रात्री मी काढलेल्या चित्रात टायटन शनीच्या उजवीकडे होता. घरी त्या तारखेची स्थिती पडताळली तेव्हा नकाशात तो डावीकडे निघाला आणि मी चित्र चुकल्याचे धरून चाललो. तिसऱ्या भेटीत ते पान पुन्हा उघडल्यावर, मोटर बंद केली तेव्हा शनी डावीकडून बाहेर गेला होता हे आठवले. दृश्यातून वस्तू ज्या बाजूने बाहेर जाते ती पश्चिम, म्हणजे माझा टायटन पूर्वेलाच होता. नेत्रिकेआधी बसवलेला तिरपा आरसा डावे-उजवे बदलतो, एवढेच. मी चित्राच्या डाव्या बाजूला एक बाण काढला, त्याच्या टोकाशी ‘पश्चिम’ असे लिहिले आणि त्या दिवशीची तारीख घातली.